भाडं किती हे नंतर बोलू, आधी घर कुठाय ते सांगा

जून उजाडला, अ‍ॅडमिशनं सुरू झाली की आमच्या कराडात एक वाद दरवर्षी ठरल्यासारखा पेटतो. एक बाजू म्हणते घरमालक लुटायला बसलेत, आज वन आरकेला जे भाडं सांगतात त्यात काही वर्षांपूर्वी वन बीएचके मिळायचा. दुसरी बाजू म्हणते बाहेरनं आलेल्या पोरांनी आणि नोकरदारांनीच रेट वाढवून ठेवले, वर जाताना भिंतीला भोकं पाडून आणि लाईटबिल थकवून जातात, मग आम्ही का म्हणून कमी घ्यायचं. दोन्हीकडची माणसं ओळखीची, दोघांचंही थोडं थोडं खरं, पण सगळी चर्चा रेटवरच घुटमळते. रेट का वाढला, घरं कमी का पडली, ती बांधायची कुणी, याबद्दल कुणी बोलतच नाही. माझं म्हणणं असं आहे की छोट्या गावात परवडणारं भाड्याचं घर मिळत नाही त्याचा दोष मालकाच्या किंवा भाडेकरूच्या स्वभावावर टाकून आपण मोकळे होतो, आणि ज्यांनी हे काम करायला हवं ती नगरपालिका, ते सरकार आणि गावात हजारो माणसं आणणाऱ्या मोठ्या संस्था, या तिघांना कुणी विचारतच नाही. भाड्याची घरं कुणीतरी ठरवून बांधावी लागतात, नीट चालवावी लागतात, आपोआप उगवत नाहीत. आणि जी बांधून तयार आहेत ती भीतीपोटी कुलपात पडलीत, ती भीती काढणं हेही सार्वजनिक काम आहे, मालकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडायची गोष्ट नाही.

२०११ च्या जनगणनेत कराड नगरपालिकेची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. पण गावात रोज वावरणारी माणसं मोजायची तर तो आकडा काही कामाचा नाही. विद्यानगरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून आहे, त्याच्या आजूबाजूला बाकीची कॉलेजं, पलीकडे मलकापूरला मेडिकल कॉलेज आणि त्याचं मोठं हॉस्पिटल, हायवेलगतची शोरूम्स, बँका, एसटी डेपो, चारी दिशांना साखर कारखाने. या सगळ्यांना माणसं लागतात आणि ती सगळी कराडची नसतात. पाटणकडनं आलेली नर्स, मराठवाड्यातनं आलेला इंजिनिअरिंगचा पोरगा, बदली होऊन आलेला बँकेचा कारकून, कंत्राटी लॅब टेक्निशियन, शोरूमातला सेल्समन, यातल्या कुणालाही कराडात फ्लॅट घ्यायचा नाहीये, त्यांना दोन-तीन वर्षं राहायला जागा हवीय. सरकारी कर्मचाऱ्याला तर मुख्यालयी राहा म्हणून आदेश असतो, न राहिल्यास घरभाडे भत्ता कापायची भाषा असते, आणि तो भत्ता तरी किती, सातव्या वेतन आयोगाच्या वेळी मुंबई-पुण्याला मूळ पगाराच्या २४ टक्के आणि आमच्यासारख्या गावांना ८ टक्के असा ठरला. म्हणजे सरकारनं गृहीतच धरलंय की छोट्या गावात घर स्वस्तच मिळतं. फ्लॅटची किंमत पुण्यापेक्षा कमी आहे हे खरं, पण पगारही कमी आहेत ना? आणि पुण्यात निदान वीस घरं बघून नाही म्हणता येतं, इथं महिनाभर फिरून बघायला घरं मिळतात चार.

त्या चारातलं एक कसं असतं ते सांगतो. तीन मजली जुनं घर, गच्चीवर भिंती उभ्या करून वर पत्रा टाकलेल्या तीन खोल्या, तिन्हींना मिळून एक संडास-बाथरूम. खोलीच्या एका कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा, त्यालाच स्वयंपाकघर म्हणायचं. पाणी सकाळी तासभर वर चढतं, तेवढ्यात बादल्या भरून ठेवायच्या. लाईटला सब-मीटर, युनिटचा दर महावितरणचा नाही, मालक सांगेल तो. एप्रिलमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नाही, जुलैत पावसाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. डिपॉझिट रोख, पावती नाही, करार नाही, "आपल्यात विश्वास आहे की" एवढ्यावर व्यवहार. आणि हे मिळायच्या आधी चौकशी होते ती वेगळीच. गाव कुठलं, आडनाव काय, लग्न झालंय का, नॉनव्हेज करता का, घरी कोण कोण येणार. रात्रपाळी करणाऱ्या नर्सला "ताई, एवढ्या रात्री येणं-जाणं आमच्या घरात चालत नाही हो" म्हणून नाही म्हणतात. तिनं मग काय नोकरी सोडायची का? त्याच मालकिणीला उद्या मध्यरात्री छातीत दुखायला लागलं तर तपासायला रात्रपाळीचीच नर्स येणार आहे.

आता दुसरं चित्र बघा. संध्याकाळी सातनंतर आगाशिवनगर किंवा विद्यानगरच्या नव्या बिल्डिंगांखाली उभं राहून वर बघा, किती खिडक्यांत दिवा दिसतो. कितीतरी फ्लॅट पुण्या-मुंबईला असणाऱ्यांनी घेऊन ठेवलेत, रिटायर झाल्यावर येऊ म्हणून, किंवा नुसतीच गुंतवणूक म्हणून. दारावर गेल्या दिवाळीचं तोरण वाळलेलं, पेटीत किमान रकमेची लाईटबिलं साठलेली. हे एकट्या कराडचं नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत मिळून एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली होती, आणि त्याच सुमाराला सरकारच्याच तज्ज्ञ गटानं शहरांत एक कोटी सत्त्याऐंशी लाख घरांची टंचाई आहे असा हिशेब मांडला होता. रिकाम्या घरांत आपलं राज्य सगळ्यात पुढे, वीस लाखांच्या घरात, हे २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालातच आलंय. एका बाजूला टंचाई, दुसऱ्या बाजूला कुलपं. मग नुसत्या "अजून बांधा" या उपायानं काय होणार, बांधलेलंही कुलपातच जाणार असेल तर?

इथं मालकांच्या बाजूचं जे सगळ्यात वजनदार म्हणणं आहे ते मान्यच केलं पाहिजे. त्यांची भीती खोटी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि ती पुढे पन्नास वर्षं जवळपास तिथंच राहिली. युद्धानंतर फाळणीच्या काळात लोकांना रस्त्यावर येऊ द्यायचं नाही म्हणून केलेला कायदा, त्या वेळी बरोबरच होता, पण दरवेळी मुदत वाढवत वाढवत तो कायमचाच होऊन बसला. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टालाही म्हणावं लागलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, आणि मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. पण या मधल्या पन्नास वर्षांत जवळजवळ प्रत्येक गावाच्या पेठेत एक तरी वाडा असा झाला की मालक म्हातारे होऊन गेले, केस चालूच, भाडेकरूची तिसरी पिढी महिन्याला पन्नास-साठ रुपयात राहतेय आणि वाडा कुणीच दुरुस्त करत नाही. आमच्या पेठांतही असे वाडे आहेत, शेवटी एखाद्या पावसाळ्यात भिंत खाली येते. ज्या घरात ही गोष्ट आज्यापासून ऐकलीय तो माणूस आपला एकुलता एक फ्लॅट परक्याच्या हातात देताना दहादा विचार करणारच. त्याला लोभी म्हणणं अन्याय आहे. त्यातल्या कित्येकांचं म्हातारपण त्याच भाड्यावर चालतं हेही आपण विसरतो.

पण ही भीती ज्या कायद्याची आहे तो आता तसा राहिलेला नाही, आणि मालक नेमकं उलटं करून स्वतःला अडचणीत घालतायत हे त्यांना कुणी नीट सांगत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ काय म्हणतं? लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या वापराच्या परवानगीवर, राहायला दिलं आणि मुदत संपल्यावर माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत घेता येते, शिवाय तोपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट पैसे मागता येतात. पुरावा कोणता, तर लेखी करार. आणि कलम ५५ काय म्हणतं? करार लेखी आणि रजिस्टर करणं सक्तीचं, ती जबाबदारी मालकाची, आणि केला नाही तर कुठल्या अटीवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जाईल. म्हणजे भाडेकरू घर बळकावेल या भीतीनं "कागद नको, उगाच लफडं" म्हणणारा मालक स्वतःच आपलं संरक्षण टाकून देतो! आपल्याकडे अजून लोक पाचशेच्या स्टॅम्पवर अकरा महिने लिहून नोटरी करतात आणि झालं समजतात. अकरा महिन्याला रजिस्ट्रेशन लागत नाही ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे, अकरा असो नाहीतर छत्तीस, रजिस्टर करावाच लागतो, आणि स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के म्हणजे साध्या घराला काही शेकड्यांत बसते. मग का करत नाहीत? एजंट जो वरचा खर्च सांगतो तो जास्त, ऑनलाईन भानगड कळत नाही, घरपट्टी वाढेल आणि इन्कम टॅक्सला दिसेल ही धास्ती. आणि खरंच भांडण झालं तर तो सक्षम प्राधिकारी काही तालुक्याला बसत नाही. या प्रत्येक अडचणीला उत्तर आहे आणि ते मालकाच्या किंवा भाडेकरूच्या हातात नाही, शासनाच्या हातात आहे. नगरपालिकेत एक खिडकी उघडा, तिथं करार रजिस्टर करून द्या, पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही तिथूनच जाऊ द्या, आणि वर्षभर बंद असलेलं घर रजिस्टर करारानं भाड्यानं दिलं तर पहिली काही वर्षं घरपट्टी वाढवणार नाही असा ठराव करा. एवढ्यानं सगळी कुलपं उघडणार नाहीत. काही उघडतील, आणि चार घरं बघायला मिळणाऱ्या गावात काही म्हणजे खूप असतं.

दुसरा एक आवडता युक्तिवाद आहे, तो तर घराघरात ऐकू येतो. भाडं म्हणजे पैसे वाया, त्यापेक्षा थोडं ओढून हप्ता भर आणि स्वतःचं घर कर. हे म्हणणं अगदी पोकळ नाही, ज्याची नोकरी पक्की, गाव पक्कं, पोरं इथंच शिकणार, त्यानं घर घ्यावंच, डोक्यावरचं छप्पर कुणी काढून घेणार नाही ही शांतता लहान नसते. पण आपण हाच एक सल्ला सगळ्यांना देतो आणि सरकारही तेच करत आलं. २०१५ साली पंतप्रधान आवास योजना शहरांसाठी आली, २०२२ पर्यंत सगळ्यांना घर ही घोषणा. त्यात मिळायचं काय, स्वतःची जागा असेल तर बांधकामाला अनुदान, कर्ज काढलं तर व्याजात सवलत, नाहीतर प्रकल्पातलं घर मालकीनं. ज्याच्याकडे जागा नाही आणि ज्याला बँक कर्ज देत नाही त्याचं काय? अकरा-अकरा महिन्याच्या ऑर्डरवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला वीस वर्षांचं कर्ज घे म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि लाखो माणसं डोक्यावर बोचकी घेऊन हायवेनं चालत निघाली, आमच्या इथल्या पुणे-बंगळूर रस्त्यानंही निघाली, तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की शहरात राबणाऱ्या माणसाला परवडणारी भाड्याची जागाच नव्हती, आणि त्याच जुलैत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर झाली. म्हणजे पाच वर्षं धोरणात भाडेकरू हा माणूसच नव्हता.

तिसरं म्हणणं अर्थशास्त्रवाल्यांचं. मागणी आहे ना, मग बाजार पुरवेल, बिल्डर बांधतील, भाडी आपोआप खाली येतील, नगरपालिकेनं यात पडू नये. घरांचा पुरवठा वाढला की भाव नरमतात हे मी मानतो. पण इथला हिशेब करून बघा. समजा वन बीएचके ३० लाखाला पडला आणि भाडं महिना ८ हजार आलं, वर्षाचे ९६ हजार, म्हणजे सव्वातीन टक्केसुद्धा नाही, त्यातनं मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी वजा. याच्या जवळपास दुप्पट व्याज बँकेत काहीही न करता मिळतं. मग नुसतं भाड्यानं देण्यासाठी कोण बांधेल? कुणीच बांधत नाही, बिल्डर विकायला बांधतो आणि घेणारा भाव वाढायची वाट बघत कुलूप लावतो. ज्याला भाड्यातूनच कमवायचंय तो दुसरा मार्ग काढतो, टू बीएचकेमध्ये आठ कॉट टाकतो, कॉटला अडीच हजार, झाले वीस हजार. तोच फ्लॅट एखाद्या नवरा-बायको-दोन पोरांच्या घराला दहा हजारांत कशाला देईल? हे कॉट बेसिसचं प्रकरण आपण पोरांची सोय म्हणून बघतो, पण त्यानं कमी पगाराचं कुटुंब गावाबाहेर ढकललं जातं, ते मग ओगलेवाडीच्या पलीकडे कुठंतरी खोली बघतं आणि रोज वडापच्या जीपनं ये-जा करतं, किंवा नदीकाठच्या सखल वस्तीत जातं जिथं भाडं कमी का असतं ते २०१९ च्या पुरानं सगळ्यांना दाखवलं. कृष्णा-कोयनेचा संगम बघायला छान आहे, पण त्याच्या पाण्याच्या वाटेत स्वस्त खोली घेऊन राहणं ही कुणाची हौस नसते.

आणि बाजार आडनाव बघतो त्याचं काय? पैसे असूनही घर न मिळणं हा भाव-पुरवठ्याचा प्रश्न नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, खिशात पगार होता, हुद्दा होता, पण राहायला जागा कुणी देईना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. शंभर वर्षांहून जास्त झाली. आज लाठी घेऊन कुणी येत नाही, फोनवर आडनाव ऐकल्यावर "कालच दिलं हो" म्हणतात, आणि संध्याकाळी खांबावर चिकटवलेला "भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी फॅमिलीसाठी" हा कागद तसाच असतो. मुसलमान पोराला, दलित पोराला, एकट्या राहणाऱ्या बाईला, घटस्फोट झालेल्या आईला हे गावातल्या गावात माहीत असतं की कुठल्या गल्लीत विचारायलाच जायचं नाही. लोक म्हणतात, माझं घर आहे, कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. स्वतः राहतो त्याच घरातली एक खोली देताना माणूस थोडा बघून घेणार हे मी समजू शकतो. पण आख्खी बिल्डिंग, आख्खी सोसायटी मिळून एखाद्या जातीला-धर्माला दार बंद करते तेव्हा ते खाजगी आवडीचं प्रकरण राहत नाही.

याच्यावर उपाय आपल्याच भागातल्या माणसांनी करून दाखवलाय आणि त्याचा आपण अभिमानही सांगतो, फक्त तो घरांचा उपाय होता हे विसरतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं का काढली? शाळा होत्या, फी माफ करता येत होती, पण खेड्यातनं आलेल्या पोराला कोल्हापुरात राहू कोण देणार, हा खरा अडसर होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती आपल्या कराड तालुक्यातल्या काल्याला, आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीला बसवली. राहायची सोय झाली म्हणून दोन पिढ्या शिकल्या. आज त्याच भागातली कॉलेजं इनटेक वाढवतात, नव्या ब्रँचा काढतात, आणि वाढलेल्या पोरांच्या राहण्याची सोय बहुतेक ठिकाणी गावावर सोडून देतात. हॉस्पिटल नवीन विंग काढतं, दोनशे माणसं कामाला घेतं, ती राहणार कुठं हा प्रश्न त्याच्या नकाशात नसतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना काढला तेव्हा कामगारांची घरंही उभी केली, कारण त्याशिवाय माणूस तिथं टिकलाच नसता. आज गावाचं गाव आयतं मिळतंय म्हणून ही जबाबदारी अंगाला लागत नाही. माझी मागणी आहे की कुठल्याही मोठ्या संस्थेला वाढीव बांधकामाची परवानगी देताना किती माणसं वाढणार आणि त्यातल्या किती जणांच्या राहण्याची सोय तुम्ही करणार, हे लिहून घेतल्याशिवाय परवानगी देऊ नये.

इथपर्यंत आलं की लोक म्हणतात, सरकारी घरं नकोत बाबा, वाट लागते. यातही तथ्य आहे, इतिहासच आहे. १९२० च्या दशकात मुंबईत सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बीडीडी चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, एकेक खोली १६० चौरस फुटांची. बांधून झाल्या आणि कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या, कारण गिरणी कामगाराला ते भाडं परवडत नव्हतं आणि कामापासून लांब पडत होतं. पुढे स्वातंत्र्यानंतर हाउसिंग बोर्डानं कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती बांधल्या, त्या बऱ्याच ठिकाणी राहणाऱ्यांनाच मालकीनं देऊन टाकल्या आणि पुढच्या भाडेकरूसाठी काही उरलंच नाही. आणि नगरपालिकेचा अनुभव म्हणाल तर गाळ्यांचा आहेच, लिलावात घेतलेला गाळा वर्षानुवर्षं जुन्या भाड्यात, आत पोटभाडेकरू, थकबाकी वेगळी. पण यातनं शिकायचं काय? घरं बांधू नका हे, की भाडं पगार बघून ठरवा, जागा कामाजवळ बघा, मालकी कधीच देऊ नका आणि ठराविक मुदतीचा रजिस्टर करार करा हे? चूक कुठं झाली ते इतकं स्पष्ट माहीत असताना तीच चूक पुन्हा होईल म्हणून हात बांधून बसायचं याला शहाणपण कसं म्हणायचं? आणि छोट्या पालिकेला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी पुलापलीकडे मलकापूरला बघावं. घरोघर मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायचं काम मोठमोठ्या महापालिकांना जमलं नाही ते मलकापूरनं छोटी नगरपंचायत असताना करून दाखवलं, मीटर म्हटल्यावर लोक पैसे भरणार नाहीत असंच तेव्हाही सगळे म्हणायचे.

तरुण पोरांची एक मागणी मात्र मला पटत नाही, ती म्हणजे भाड्यावर सरसकट मर्यादा घाला. राग मी समजतो, एका वर्षात दीड हजारानं वाढवलेलं भाडं ऐकल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. पण ज्या गावात आधीच मालक द्यायला घाबरतो तिथं मर्यादा घातली की उरलेली घरंही कुलपात जातील किंवा वरचे पैसे रोखीत सुरू होतील, पागडी अशीच जन्माला आली होती. मर्यादा घालायचीच तर डिपॉझिटवर घाला. २०२१ मध्ये केंद्रानं जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट नको असं आहे, आणि भांडणांसाठी वेगळं भाडे प्राधिकरण, वेगळं कोर्ट आहे. त्यातलं सगळं मला मान्य नाही, पण या दोन गोष्टी आपल्याकडे घ्यायला काय हरकत आहे? नवीन नोकरी लागलेल्या पोरीला महिन्याचं भाडं देणं जमतं, तीस-चाळीस हजार एकदम काढून देणं जमत नाही, आणि घर सोडताना ते परत मिळवायला तर तिला कुणी वालीच नसतो.

मग बांधायचं कुणी आणि कुठल्या पैशात? मघाचाच हिशेब पुन्हा करू. ३० लाखाच्या फ्लॅटमधला मोठा वाटा जागेच्या किमतीचा आणि नफ्याचा असतो. नगरपालिकेकडे स्वतःची जागा असते, विकास आराखड्यात आरक्षण पडून वर्षानुवर्षं गवत वाढलेले प्लॉट असतात. समजा साडेतीनशे फुटाची खोली-स्वयंपाकघर-संडास-बाथरूम अशी जागा बांधायला ७ लाख लागले, तर महिना ४ हजार भाड्यानं वर्षाला ४८ हजार येतात, जवळजवळ सात टक्के. यात कुणावर उपकार नाहीत, देखभालीचे पैसे बाजूला काढूनही कर्जाच्या हप्त्याचा मोठा भाग त्यातूनच फिटतो, आणि जागा गावाचीच राहते. सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झालाय आणि या वेळी भाड्याची घरं हा त्यातला स्वतंत्र भाग आहे, नोकरी करणाऱ्या बायका, कामगार, विद्यार्थी सगळे त्यात धरलेत. पण अशी योजना वरून पाऊस पडल्यासारखी येत नाही, खालून प्रस्ताव जावा लागतो, जागेचा उतारा जोडावा लागतो, सभेत ठराव व्हावा लागतो. चौक सुशोभीकरणाचे, कमानींचे, पेव्हर ब्लॉकचे प्रस्ताव आपल्याकडनं बरोबर वेळेत जातात. शंभर भाड्याच्या खोल्यांचा प्रस्ताव का जात नाही? कारण गावात भाड्यानं राहणाऱ्याचं मतदान बहुतेक वेळा त्याच्या मूळ गावी असतं, नगरसेवकाच्या दारात तो जात नाही आणि नगरसेवक त्याच्या दारात येत नाही. म्हणून ही मागणी आम्हा घरवाल्यांनाच करावी लागेल, ज्यांची नावं इथल्या यादीत आहेत. पुढच्या वेळी वॉर्डात कुणी हात जोडून आलं की गटारीचं आणि लाईटच्या खांबाचं सांगून झाल्यावर हेही विचारा, पालिकेच्या रिकाम्या प्लॉटांची यादी कुठं आहे, आणि त्यातला कुठला प्लॉट भाड्याच्या घरांसाठी धरलाय.